उशिरा पाळलेला हुकूम

पद्माकररावांनी चिकटपट्टीचा तिसरा तुकडा दातांनी तोडला आणि जगाच्या नकाशाचा वरचा कोपरा खांबावर दाबून धरला. खांब अरुंद होता. युरोप समोर आला की जपान मागच्या बाजूला वळायचा.

"आजोबा, जपान इज हायडिंग," खालचा कोपरा धरून बसलेली गार्गी म्हणाली.

"लपू दे. त्याची पाळी नंतर आहे."

टॅम्पिनीसमधल्या त्या इमारतीच्या तळमजल्यावर, चारी बाजूंनी उघड्या असलेल्या जागेत, सकाळपासून प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडणं चाललं होतं. दोन मोठे पंखे फिरत होते. एका टेबलावर उकडलेली रताळी वाफाळत होती. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं त्याला त्या आठवड्यात पंचाहत्तर वर्षं झाली होती. युद्धाच्या दिवसांत लोकांनी काय खाऊन दिवस काढले ते मुलांना कळावं, म्हणून रहिवाशांच्या मंडळानं रताळ्यांचा बेत केला होता. सातव्या मजल्यावरचे कोह हे मंडळाचे प्रमुख. पूर्वी ते शाळेच्या बस चालवायचे. आठवड्यापूर्वी लिफ्टमध्ये त्यांना कळलं की हे नवे आजोबा हायस्कुलात तेहतीस वर्षं इतिहास शिकवत होते. कोह तिथल्या तिथे म्हणाले होते, "सर, यू गिव्ह टॉक."

पद्माकररावांनी त्या रात्री विनीताकडे, म्हणजे सुनेकडे, रेघांची वही मागितली. सहा आठवडे झाले होते सिंगापूरला येऊन. मुलगा सारंग आणि विनीता सकाळी आपापल्या ऑफिसला जायची, गार्गी शाळेला. त्यांच्या पत्नी सुलेखाबाईंनी तिसऱ्याच दिवशी बाजार शोधून काढला होता आणि तिथे त्यांच्या ओळखीही झाल्या होत्या. पद्माकरराव मात्र गॅलरीत बसून समोरच्या इमारतीतलं वाळत घातलेलं धुणं बघत. कुणी त्यांना काही विचारत नव्हतं, आणि तेहतीस वर्षं ज्याला मुलांनी काही ना काही विचारलं, त्याला ही शांतता जड जात होती. आता वहीची अकरा पानं भरली होती. स्टालिनग्राड, एल अलामीन, मिडवे, कोहिमा. प्रत्येक लढाईला तारीख, सेनापती, दोन्हीकडचं सैन्य, आणि तिनं युद्धाचं पारडं कसं फिरवलं याचे चार मुद्दे. सिंगापूरला एकच ओळ होती. शाळेतही ते इतकंच सांगत असत. "पंधरा फेब्रुवारी बेचाळीस, सिंगापूर पडलं," असं म्हणून पान उलटत.

दहा वाजता चाळीसेक माणसं जमली. बहुतेक सगळी म्हातारी. काही चिनी, काही मलय, दोन-तीन तमिळ. तिसऱ्या रांगेत सारंग आणि विनीता बसली. सुलेखाबाई मागे रताळ्यांच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. कागदी बशा वाटण्याचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं.

पद्माकररावांचं इंग्रजी पुस्तकी होतं आणि बोलताना अडखळायचं, म्हणून ते मराठीत बोलणार आणि गार्गी सांगणार, असं ठरलं होतं. गार्गीला मराठी सगळं कळायचं. बोलायची मात्र ती इंग्रजीच.

त्यांनी स्टालिनग्राडपासून सुरुवात केली. व्होल्गा नदी, घराघरांतून चाललेली लढाई, उणे तीस तापमान, वेढ्यात सापडलेलं जर्मन सैन्य. चांगली सहा-सात मिनिटं ते बोलले, शेवटी आवाज जरा चढवला आणि गार्गीकडे बघितलं.

"व्हेरी कोल्ड," गार्गी माइकमध्ये म्हणाली. "नो फूड. बट द रशियन्स नेव्हर गिव्ह अप. सो द जर्मन्स लूज, लाह." शेवटचा 'लाह' इथल्या बोलीतला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मी एवढंच म्हणालो?" पद्माकरराव हळूच म्हणाले.

"सेम मीनिंग, आजोबा."

एल अलामीनला तिनं तीन वाक्यं दिली. मिडवेला दोन. कोहिमाला डोंगरावरच्या टेनिस कोर्टावर समोरासमोर लढाई झाली, हे ऐकून पुढच्या रांगेतल्या एका चिनी आजोबांनी "टेनिस?" असं मोठ्यानं विचारलं आणि शेजारच्याला उठवलं. पद्माकरराव रंगात आले होते. त्यांचा हात नकाशावर फिरत होता, खडू नसतानाही बोटं खडू धरल्यासारखी झाली होती. शेवटी ते सिंगापूरवर आले, ती एक ओळ म्हणाले, आणि वही मिटून त्यांनी नमस्कार केला.

प्रश्नांची वेळ आली. मग दुसऱ्या रांगेतली फुलाफुलांचा रुमाल डोक्याला बांधलेली एक मलय आजी उठली. हिला गार्गी चांगली ओळखत होती. माकचिक रोस्नाह, म्हणजे रोस्नाह मावशी, खालच्या मजल्यावर राहायची आणि गार्गीला केळ्याची भजी द्यायची.

"चिकगू," ती म्हणाली. इकडे मास्तरांना असंच म्हणतात. पुढचं ती इंग्रजीत इतकं भरभर बोलली की गार्गीनं ते आजोबांना पुन्हा सांगितलं, तेही इंग्रजीतच.

"शी इज आस्किंग, व्हेअर वॉज युअर फादर. दॅट टाइम."

पद्माकररावांनी चष्मा काढला आणि परत घातला.

"इथंच होते," ते म्हणाले. "सिंगापुरात. फौजेत लॉरी चालवायचे. नंतर साडेतीन वर्षं जपान्यांच्या कैदेत होते."

गार्गी त्यांच्याकडे बघत राहिली. हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिसऱ्या रांगेत सारंग खुर्चीवर पुढे सरकला. मग गार्गीनं माइक उचलून ते सांगितलं, आणि खुर्च्यांमधून एक लांब "आऽ" उमटला. झोपलेले दोघे-तिघे जागे झाले.

"व्हॉट ही डू हिअर?" माकचिक रोस्नाहनं विचारलं. "दॅट डे?"

याचा अर्थ सांगायची गरज नव्हती. पद्माकरराव खांबाला टेकले. माण तालुक्यातल्या त्यांच्या गावात घरटी एक माणूस फौजेत होता. इतरांचे बाप आफ्रिकेतून, इटलीतून बिल्ले लावून आले. त्यांचे वडील दौलतराव, म्हणजे आबा, शेचाळीस साली आले ते हाडांचा सापळा होऊन, आणि पारावर पोरं हात वर करून दाखवायची. 'आला बघा सिंगापूरकर,' म्हणायची. पद्माकरराव तेव्हा चार-पाच वर्षांचे होते. ते हात त्यांच्या डोळ्यांपुढून कधी गेले नाहीत. आबांना त्यांनी त्या दिवसाबद्दल कधी विचारलं नव्हतं. विचारलं तर आबांना मान खाली घालावी लागेल, असं त्यांना वाटायचं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

"ही डझन्ट नो," गार्गी हळू आवाजात म्हणाली.

"मला माहीत आहे," मागून आवाज आला.

सुलेखाबाईंच्या हातात रताळ्यांची बशी होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली, पदराला हात पुसले आणि खुर्च्यांमधल्या वाटेनं पुढे आल्या. माइक त्यांनी घेतला नाही. गार्गीच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तू सांग हो यांना नीट. गाळू नकोस काही."

"मामंजी मला सांगायचे," त्यांनी सुरुवात केली. "माझं लग्न झालं तेव्हा मी एकवीस वर्षांची. हे शाळेत जायचे, सासूबाई आजारी. मी भाकरी थापायला बसले की मामंजी उंबऱ्यात शेंगा सोलत बसायचे. तेव्हा सांगायचे. एकदम नाही, तुकड्या-तुकड्यानं."

गार्गीनं सांगितलं. सगळं सांगितलं. शेंगासुद्धा.

"त्या दिवशी त्यांच्या लॉरीत दुधाचे डबे होते. घट्ट दुधाचे, गोड. कुठल्याशा इस्पितळाला न्यायचे होते. तिथं पोचले तर इस्पितळ दुसरीकडे हललेलं. आकाश सगळं काळं, तेलाच्या टाक्या पेटलेल्या. एका साहेबानं हुकूम दिला, की गाडी शत्रूच्या हाती लागता कामा नये, समुद्रात ढकलून दे. मामंजी निघाले. समुद्राच्या अलीकडे एक वस्ती होती. झोपड्याच. बायका पोरांना घेऊन गटारात बसलेल्या, वरून गोळे पडतायत म्हणून. एक पोरगं रडत होतं. मामंजींनी गाडी थांबवली. मला म्हणाले, 'पोरी, मला गाडी बुडवायचा हुकूम होता. दूध बुडवायचा नव्हता.'"

गार्गीनं हे वाक्य दोनदा सांगितलं. पहिल्यांदा सांगून तिचं समाधान झालं नाही. कोह मागे वळून चिनी आज्यांना त्यांच्या भाषेत सांगू लागले, आणि त्यांच्यातली एक मोठ्यानं "हो, हो" असं काहीतरी म्हणाली.

"त्यांना तिथली भाषा येईना, त्या बायकांना मामंजींची. मग एक म्हातारी गटारातून वर आली. तिनं सगळ्यांना रांगेत उभं केलं. माणशी दोन डबे. कुणी जास्त घेऊ नये म्हणून ती ओरडून मोजायची. मामंजी डबा द्यायचे आणि तिच्या मागोमाग म्हणायचे. दहा झाले की पुन्हा पहिल्यापासून. सातू, दुआ, तिगा..."

माकचिक रोस्नाहनं दोन्ही हात गालांवर ठेवले.

"अम्पात, लीमा," सुलेखाबाई म्हणाल्या.

"अनाम," पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, आणि मग सगळेच. मलय, चिनी, तमिळ, चाळीस म्हाताऱ्या गळ्यांनी एका सुरात, शाळेतल्यासारखं, "तुजुह, लापान, संबिलान, सपुलुह!" दहाला टाळी पडली. सुलेखाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

पद्माकरराव खांबापाशी तसेच उभे होते. हे शब्द त्यांनी लहानपणापासून ऐकले होते. भाकऱ्या मोजताना, गुरं आत घेताना, विहिरीवर बादल्या ओढताना आबा ओठांतल्या ओठांत हेच पुटपुटायचे. आईनं एकदा त्याबद्दल एका वैद्यालाही विचारलं होतं. कैदेत डोक्यावर परिणाम झालाय, एवढंच पद्माकररावांनी मनाशी धरलं होतं, आणि पाहुणे आले की ते रेडिओचा आवाज वाढवायचे.

"मग गाडी?" गार्गीनं विचारलं. "आजी, मग गाडीचं काय झालं?"

तिनं मराठीत विचारलं होतं. विनीतानं सारंगच्या दंडाला हात लावला.

"मग काय, हुकूम तो हुकूम. डबे संपल्यावर गाडी किनाऱ्यावर आणली. होड्या उतरवायचा उतार होता तिथं. तेल तर संपत आलेलं. मामंजी उतरून ढकलायला लागले, तर त्या बायका आल्या मागे. लुंग्या वर खोचल्या आणि लागल्या ढकलायला. पंधरा-वीस बाया. गाडी काही हलेना. पुन्हा जोर केला, तरी हलेना. मग त्या म्हातारीनं आत डोकं घालून बघितलं आणि मामंजींच्या पाठीत एक धपाटा घातला."

"का?"

"मामंजींनी हँडब्रेक लावलेला. सवयीनं."

गार्गी हे सांगता सांगता हसायला लागली. तिला वाक्य पुरं करता येईना, आणि ते तिनं पुरं करण्याआधीच कोह खुर्चीवर हात आपटत होते. तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला त्याचा अर्थ आधीच कळला होता. शेजारच्यांना सांगताना त्यांनी हवेत ब्रेकचा दांडा ओढून दाखवला. हसू रांगेरांगेनं मागे गेलं. एका आजीला ठसका लागला, तिला पाणी दिलं.

"गेली एकदाची पाण्यात," सुलेखाबाई म्हणाल्या. "हुकूम पाळला, जरा उशिरा. मामंजी कंबरेपर्यंत भिजले. चालत चालत आपल्या पलटणीकडे गेले, तर तिथं सगळे रडत बसलेले. साहेबसुद्धा. लढाई संपली, आपण शरण गेलो, म्हणाले. आणि मामंजींना..." त्या पहिल्यांदाच नवऱ्याकडे वळल्या. "मामंजींना हसू आवरेना. त्या म्हातारीचा धपाटा आठवून. 'सगळ्या जन्मात तसा दिवस पुन्हा आला नाही,' म्हणायचे. 'पण सांगू कुणाला? लोक म्हणतील, शरण गेला आणि हसतोय.'"

गार्गीनं ते सांगितलं. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग माकचिक रोस्नाह पुन्हा उठली.

"आय वॉज सिक्स इयर्स ओल्ड," ती म्हणाली. "अवर कंपोंग, अवर व्हिलेज, ऑल्सो निअर द सी. नो मिल्क केम." तिनं पद्माकररावांकडे बोट रोखलं. "चिकगू, युअर फादर, व्हाय नेव्हर कम अवर साइड?"

सगळे पुन्हा हसले. पद्माकररावही हसले, आणि हसताना त्यांना चष्मा काढावा लागला. तो त्यांनी सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसला.

"सॉरी," ते इंग्रजीत म्हणाले. "ही हॅड ओन्ली वन लॉरी."

त्यानंतर तो कार्यक्रम कुणाच्या हातात राहिला नाही. चिनी आजोबांनी आपल्या बापानं कोंबड्या कुठे लपवल्या ते सांगितलं. एका तमिळ आजीनं आपल्या आईचं लग्न बॉम्बच्या भोंग्यांत कसं लागलं ते सांगितलं, नवरा टेबलाखाली आणि भटजी खाटेखाली. रताळी संपली, विनीता वर जाऊन आणखी उकडून घेऊन आली. बारा वाजता आवरायचं होतं, दीड वाजून गेला.

संध्याकाळी पाचच्या सुमारास सुलेखाबाईंनी बाजाराची पिशवी घेतली तेव्हा पद्माकरराव दारात चपला घालत होते. बाजाराला ते आजवर एकदाही गेले नव्हते.

"तुम्ही कुठं?"

"येतो."

दोघं छपराच्या वाटेनं चालू लागली. ऊन उतरलं होतं. मुलं स्कूटरवरून सुसाट जात होती. रस्त्याच्या सिग्नलपाशी आल्यावर पद्माकररावांनी विचारलं,

"तुला कधी कळलं ते आकडे आहेत म्हणून?"

"मामंजी म्हणायचेच. खात्री झाली ती इथं आल्यावर. भाजीवाली वांगी मोजत होती. मी तिच्याबरोबर मोजायला लागले, तर तिनं मला एक वांगं फुकट दिलं."

"आबांनी मला का नाही सांगितलं?"

सुलेखाबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"बसले होते एकदा सांगायला. सारंगचं बारसं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. खुशीत होते. 'चौदा फेब्रुवारीला आम्ही शरण आलो,' अशी सुरुवात केली. तुम्ही वह्या तपासत होता. मान वर न करता म्हणालात, 'चौदा नव्हे आबा, पंधरा.'"

"मग?"

"मग म्हणाले, 'असेल बाबा, तू शिकलेला.' आणि उठून गोठ्यात गेले."

हिरवा दिवा लागला, माणसं रस्ता ओलांडून गेली. पद्माकरराव जागचे हलले नाहीत. ते आठवायचा प्रयत्न करत होते. बारसं आठवत होतं, पाळण्याला बांधलेली झालर आठवत होती. बाकी काही आठवत नव्हतं.

"आणि तू?" ते म्हणाले. "पन्नास वर्षं झाली. तू तरी सांगायचंस."

"मला वाटायचं, तुम्हाला ठाऊक असणार. एवढं युद्ध शिकवता."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. ती अगदी सरळ चेहऱ्यानं समोरच्या दिव्याकडे बघत होती. मग त्यांना हसू यायला लागलं. आधी नुसते खांदे हलले, मग त्यांना कठड्याला धरावं लागलं. सायकलवरून जाणारी एक बाई वळून बघत गेली.

"पुरे," सुलेखाबाई म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या.

"अजून आहे का काही?"

"बरंच आहे. कैदेतला मिरच्यांचा वाफा आहे. परत येताना जहाजावर भेटलेला न्हावी आहे. पण मला सलग नाही यायचं. कामात असले की आठवतं. आणि तारखा विचारायच्या नाहीत. तारखा नाहीत माझ्याकडे."

"चालेल."

"आपल्या राहायच्या पासचे किती दिवस उरलेत इथले?"

"अडतीस."

सुलेखाबाईंनी मनाशी हिशेब केला. "जेमतेम पुरतील," त्या म्हणाल्या, आणि रिकामी पिशवी त्यांच्या हातात दिली.

दिवा पुन्हा हिरवा झाला.

"आधी न्हावी," पद्माकरराव म्हणाले, आणि तिच्या पावलाशी पाऊल जुळवून रस्ता ओलांडू लागले.